वीस लिटर समुद्र

वजनमापे खात्यातले निरीक्षक म्हणजे फार सरळ माणूस. सव्वीस वर्षं दुकानादुकानांतून हिंडून ते लोकांचे तराजू तपासत आले. काटा बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर नोटीस. यांच्या मधलं काही असतं हे त्यांना मान्यच नव्हतं. घरीही तोच कारभार. चहात साखर सपाट चमचा, आणि चमचा खरोखर सपाट आहे की नाही ते सुरीचं पातं फिरवून बघायचे. असल्या माणसाने घरात समुद्र आणायचा ठरवला म्हटल्यावर बिल्डिंगमध्ये कोणाचा विश्वास बसला नाही. बसावा कसा?

पण कारण तसंच होतं. आप्पा उठत नव्हते.

आप्पा म्हणजे निरीक्षकांचे वडील. एकतीस वर्षं दीपगृहावर नोकरी. रोज एकशे बेचाळीस पायऱ्या चढायच्या, दिव्याची भिंगं पुसायची, वात-यंत्र सगळं बघायचं आणि उतरायचं. त्या माणसाने पाय मोडून घेतला तो कुठे, तर न्हाणीघराच्या उंबऱ्यावर. साडेतीन इंचांचा उंबरा. (निरीक्षकांनी नंतर मोजला.) ऑपरेशन झालं, हाड जुळलं, टाके निघाले, डॉक्टरांनी वॉकर हातात दिला आणि ‘आता चाला’ म्हणाले. आप्पा काही चालले नाहीत. सकाळ-संध्याकाळ दोघांनी दोन बाजूंनी धरून न्यायचं-आणायचं, एरवी खुर्ची. समोर भिंत, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ.

“आप्पा, उठा की जरा,” असं म्हटलं की ते शांतपणे विचारायचे, “उठून जायचंय कुठे मला?”

निरीक्षकांनी पुष्कळ विचार केला. ऑफिस नाही, दिवा नाही, बरोबरीची माणसं एकेक करून गेलेली. खरंच, जायचं कुठे माणसाने? प्रश्न बिनचूक होता, आणि बिनचूक गोष्टीवर नोटीस काढता येत नाही.

शेवटी व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी निर्वाणीचं सांगितलं. “सहा आठवडे थांबते. तोवर कोणी न धरता तीस पावलं चालले तर ठीक. नाहीतर मांडीचे स्नायू एकदा सुकले की मी रोज येऊनही उपयोग नाही. मग कायमची खुर्ची.” आणि जाता जाता दारात चपला घालताना म्हणाल्या, “व्यायाम म्हणून नाही उठायचे ते. उठावंसं वाटेल असं काहीतरी घरात आणा.”

झालं. त्या वाक्यावर निरीक्षक दोन दिवस बसले आणि तिसऱ्या दिवशी थेट शोभेच्या माशांच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

दुकानदाराला सगळे टँकवाला म्हणत. त्याने आधी निरीक्षकांना ओळखलं आणि गल्ल्याजवळचा वजनकाटा गुपचूप फडक्याखाली झाकला. पण गिऱ्हाईक म्हणून आलेत कळल्यावर त्याच्या जिवात जीव आला.

“साधे मासे न्या ना साहेब. गोड्या पाण्यातले. समुद्राच्या पाण्याची भानगड घेऊ नका.”

“समुद्रच हवाय. पण लहान. अगदी लहान.”

“तिथेच तर गोम आहे. मोठा टँक चुका पोटात घालतो. लहानात चमचाभर इकडचं तिकडे झालं की संपलं.”

चमचाभर इकडचं तिकडे! हे वाक्य निरीक्षकांना आव्हान वाटलं नाही, आमंत्रण वाटलं. जगात चमचा सपाट भरणारा एकच माणूस असेल तर तो आपण, अशी त्यांची मनोमन खात्री होती. ते वीस लिटरची काचेची पेटी, पंप, दिवा, समुद्राचं खास मीठ, वाळू, समुद्रातून काढलेला एक ओबडधोबड दगड आणि खारटपणा मोजायचा काटा घेऊन घरी आले. काटा म्हणजे प्लॅस्टिकची एक चपटी डबी. तिच्यात पाणी भरलं की आतली सुई वर उचलली जायची आणि पंचविसाच्या खुणेवर थांबली की समुद्र जमला.

घरात पाऊल टाकतात तो सेक्रेटरी हजर. सोसायटीच्या सेक्रेटरींना बातम्या कशा कळतात हा वेगळ्या संशोधनाचा विषय आहे.

“काय ऐकतोय मी? खारं पाणी साठवणार?”

“वीस लिटर.”

“वीस असो नाहीतर दोन. मीठ लोखंड खातं. सळया गंजल्या, बिल्डिंग खाली बसली, तर जबाबदार कोण?”

“पाणी काचेत, सळया भिंतीत. त्यांची गाठ कशी पडायची?”

“बरं, आणि वजन? तिसऱ्या मजल्यावर वजन वाढवताय तुम्ही.”

वजनाचा विषय आणि तोही निरीक्षकांपुढे! त्यांनी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. “काच, वाळू, दगड, पाणी धरून अठ्ठावीस किलो चारशे ग्रॅम. तुमचं वजन किती?”

“माझ्या वजनाचा इथे काय संबंध?”

“तुम्ही दर रविवारी आमच्याकडे चहाला येता. सळयांनी आजवर तक्रार केलेली नाही.”

सेक्रेटरी पुढचे दोन रविवार चहाला आले नाहीत. मात्र फॉर्म आला. तीन प्रतींत भरायचा, सोबत घराचा नकाशा, त्यात पेटीची जागा लाल शाईने. ‘प्राण्यांची संख्या’ या रकान्यात निरीक्षकांनी शून्य लिहिलं, तर ‘माहिती अपूर्ण’ शेरा मारून फॉर्म परत आला. त्यांनी ‘सध्या एकही नाही’ लिहिलं, तेही परत. तेव्हा ‘अपेक्षित’ असं लिहून दिलं आणि ते मात्र मंजूर झालं. कमिटीने रीतसर ठराव केला की पेटीजवळ एका वेळी तीनपेक्षा जास्त इसमांनी उभे राहू नये. ठराव नोटीस बोर्डावर लागला आणि त्या दिवसापासून अख्खी बिल्डिंग तिघातिघांनी पेटी बघायला येऊ लागली.

बघायला काही असतं तर प्रश्न नव्हता. पण टँकवाल्याने बजावलं होतं, “पाणी पिकू द्या, म्हणजे माशांना मानवेल असं होऊ द्या. महिना-दीड महिना मासा टाकायचा नाही.” त्यामुळे पेटीत होतं काय, तर पाणी आणि दगड. माणसं यायची, वाकून बघायची, डाव्या बाजूने बघायची, उजव्या बाजूने बघायची आणि हळूच विचारायची, “मासे झोपलेत का?”

“मासे नाहीत अजून. पाणी पिकतंय.”

यावर माणसं आजाऱ्याच्या खोलीतून निघावं तशी पाय न वाजवता निघून जायची. वहिनींना, म्हणजे निरीक्षकांच्या बायकोला, याची भारी लाज वाटायची. त्या एका वाचनालयात नोकरीला होत्या, चार लोकांत त्यांचं नाव होतं. “अहो, लोक पाहुण्यांना पाणी देतात,” त्या म्हणाल्या, “तुम्ही नुसतं दाखवताय.”

पण खरा घाव आप्पांनी घातला. निरीक्षकांनी दिवा लावला, पंप सुरू केला, पाणी दगडावरून खळखळलं, आणि ते मोठ्या आशेने म्हणाले, “आप्पा, बघा तरी. समुद्र.”

आप्पांनी मान वळवून बघितलं. “बादली आहे,” ते म्हणाले आणि पुन्हा घड्याळाकडे तोंड केलं.

निरीक्षकांनी मोरीत जाऊन उगीचच हात धुतले, पुन्हा धुतले. चौपन्न वर्षांच्या माणसाने बापाच्या एका शब्दाने एवढं खट्टू व्हावं का? होतो माणूस. वय कितीही होवो, त्या बाबतीत काही फरक पडत नाही.

दुसऱ्या आठवड्यात दगडातून पाहुणी निघाली. दगडाच्या भोकात बसून आली होती लबाड. नखाएवढी समुद्री गोगलगाय, पाठीवर करडा शंख. ती पहिल्यांदा दिसली आप्पांना. वहिनी चहा देत होत्या तेव्हा ते एकदम म्हणाले, “दगडाला पाय फुटलेत.” आणि मग, “ही खुर्ची जरा वळव बघू तिकडे.”

खुर्ची वळली. खुर्ची वळवणं म्हणजे चालणं नव्हे, हे निरीक्षकांनाही कळत होतं. सहातले दोन आठवडे सरले होते आणि पावलं अजून शून्य होती. पण निदान तोंड तरी भिंतीकडून फिरलं.

आप्पा आता दिवसभर पेटीकडे बघत. तिसऱ्या आठवड्यात एकदा तक्रारीच्या सुरात म्हणाले, “ही पाहुणी दुपारी काचेवरून चढून पाण्याबाहेर येते. वर जाऊन बसते. पाणी पसंत नाही तिला.”

“असं कसं? काटा पंचविसावर आहे.”

“काट्याला विचारून चढत नाही ती.”

“आप्पा, मी रोज मोजतो.”

“मोज,” आप्पा म्हणाले.

आणि इथून घोडं पेंड खायला लागलं. एके सकाळी काटा सव्विसावर. निरीक्षकांनी टँकवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, साधं पाणी घाला. निरीक्षकांनी उडालेलं पाणी मापून साधं पाणी घातलं, काटा पंचविसावर आणला, वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वीस. त्यांनी पेलाभर खारं पाणी काढलं, साधं ओतलं. तिसऱ्या दिवशी सत्तावीस! पाण्याची पातळी जिथल्या तिथे, आणि खारटपणा वाढतोय. म्हणजे कोणीतरी मीठ घालतंय. भेसळ! निरीक्षकांच्या राहत्या घरात, त्यांच्या नाकाखाली!

पहिला संशय सेक्रेटरींवर गेला, पण ते दुपारी ऑफिसात असत. दुसरा संशय घ्यायला फार मोठी छाती लागते, तरी निरीक्षकांनी जेवताना विषय काढलाच.

“अगं, तू चुकून पेटीत काही...”

वहिनींनी पोळी ताटात ठेवली. “तुमच्या त्या डबक्यात मी मीठ घालते? मला स्वयंपाकाला पुरत नाहीये इथे! महिन्याची बरणी आठ दिवसांत तळाला लागली. मीच विचारणार होते, तुम्ही नेताय का म्हणून.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आप्पा मान खाली घालून भात कालवत होते.

चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी निरीक्षकांनी नोकरीतली पहिली अर्ध्या दिवसाची खोटी रजा काढली. कारण लिहिलं ‘घरगुती तपासणी’, म्हणजे खोटंही धड जमलं नाही. दुपारी दोनला स्वतःच्या घराचं कुलूप स्वतःच चोरासारखं उघडलं, बूट काढून हातात घेतले आणि आतल्या दाराआड उभे राहिले.

बराच वेळ काही नाही. पंपाची घरघर. मग पाहुणी काचेवरून चढू लागली. आप्पा पुढे वाकले. आणि मग आप्पांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले.

एकदा उठले, बसले. पुन्हा उठले. वॉकर ओढून घेतला. पेटीपाशी गेले, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि वहिनींची भाजी फसल्यावर करतात तसलं तोंड केलं. “अळणी,” असं स्वतःशीच म्हणून ते वळले आणि स्वयंपाकघराकडे निघाले.

निरीक्षक मोजत होते. दुसरं काय करणार? सवयच ती. एक, दोन, तीन. चौथ्याला आप्पा थांबले, दम घेतला. आठव्याला पाय थरथरला आणि निरीक्षकांच्या हातातला बूट निसटता निसटता राहिला. धावून जाऊन धरावं? धरलं तर मग ते पुन्हा उठतील? सव्वीस वर्षांत असा पेच त्यांच्यापुढे आला नव्हता. अकराव्या पावलाला आप्पा कट्ट्यापाशी पोहोचले. बरणीतून मूठभर मीठ घेतलं, अकरा पावलं परत आले आणि मूठ पेटीत सोडली. “घे बाई,” ते पाहुणीला म्हणाले.

बावीस. निरीक्षकांना भेसळ करणारा सापडला होता, रंगेहाथ, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी बाही तोंडात धरली. मग तसेच पाऊल न वाजवता बाहेर पडले, खाली बिल्डिंगच्या कट्ट्यावर अडीच तास बसून राहिले आणि रोजच्या वेळेला घरी आले.

वहिनींना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग रडल्या, मग पदराला नाक पुसून व्यवहाराचं बोलल्या. “बावीसच ना? बाईंना तीस हवीत.” आणि दुसऱ्या दिवशी मिठाची बरणी कट्ट्यावरून स्वयंपाकघराच्या पार पलीकडच्या फळीवर गेली. चार दिवसांनी तिथून मागच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली, स्टुलावर.

शेजारच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, “मीठ उन्हाला ठेवलंय?”

“दमट झालंय,” वहिनी म्हणाल्या. आयुष्यात खोटं न बोललेल्या त्या घराने त्या महिन्यात फार प्रगती केली.

राहता राहिली पेटी. आप्पा दुपारी मीठ घालत, निरीक्षक सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी तेवढंच खारं पाणी काढून साधं ओतत आणि काटा पंचविसावर आणून ठेवत. बाप-लेकाचं हे काम दहा दिवस बिनबोभाट चाललं. पण पाहुणी सुकत चालली. आता ती सकाळीही पाण्याबाहेर बसायची, हलायची नाही. आप्पा तिच्याकडे बघत बसत. निरीक्षक वहीतले आकडे पुन्हा पुन्हा बघत. ती मेली तर? मग आप्पा मीठ कोणासाठी आणतील? उठून जायचंय कुठे, हा प्रश्न पुन्हा खुर्चीत येऊन बसेल.

सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी ते बाटलीत पेटीतलं पाणी आणि खिशात काटा घेऊन टँकवाल्याकडे गेले. त्याने पाण्याचा थेंब स्वतःच्या दुर्बिणीसारख्या नळीवर टाकला, डोळा लावला.

“साहेब, हे समुद्राचं पाणी नाही. सतरा भरतंय. कसं जगायचं जनावर यात?”

“अशक्य. माझा काटा पंचवीस दाखवतो.”

टँकवाल्याने डबी हातात घेतली, पाणी भरलं आणि उजेडात धरली. सुईला बारीक बारीक बुडबुडे चिकटले होते. त्याने डबी टेबलावर दोनदा टकटक आपटली. बुडबुडे सुटले. सुई सरकन खाली आली. सतरा.

“बुडबुडे सुई उचलून धरतात,” तो म्हणाला, आणि फार नम्रपणे, फडक्याखालच्या वजनकाट्याकडे न बघता, त्याने विचारलं, “साहेब, हा काटा तुम्ही तपासून नाही घेतलात?”

निरीक्षकांचे कान तापले. सव्वीस वर्षं! भाजीवाल्यांचे, सोनारांचे, भंगारवाल्यांचे काटे तपासले, आणि स्वतःचा एकदाही नाही. आप्पांच्या जिभेवर मात्र एकतीस वर्षांचा समुद्र बसला होता आणि ती चुकली नव्हती. आप्पा पाणी बरोबर करत होते, निरीक्षक रोज सकाळी बिघडवत होते, वहीत नोंद करून.

“आणि एक,” निरीक्षक खाली मान घालून म्हणाले, “स्वयंपाकाचं मीठ पडलंय त्यात. मूठ-मूठ.”

“ते बंद करा. त्याच बरणीत हे खास मीठ भरून ठेवा. आणि पाणी हळूहळू वर न्या, एकदम नको.”

ते घरी आले. संध्याकाळी व्यायामाच्या बाई यायच्या होत्या. आप्पा पेटीसमोर बसले होते. निरीक्षक त्यांच्या खुर्चीशेजारी चक्क जमिनीवर बसले, आणि लहानपणी शाळेतलं प्रगतिपुस्तक पुढे करावं तसा तो काटा पुढे केला.

“आप्पा, माझा काटा चुकीचा होता. पाणी अळणीच होतं.”

“हं.”

“तुम्ही मीठ घालत होता ते मला माहीत होतं. मी रोज काढून टाकत होतो. चुकलं माझं.”

“ठाऊक आहे. पातेलं घेऊन उभा असायचास सकाळी.” आप्पांची नजर पाहुणीवरून हलली नाही. “आणि बरणीला काय पाय फुटलेत? कट्ट्यावरची फळीवर जाते, फळीवरची गॅलरीत. मीठ कधी कोणी कपड्यांखाली ठेवतं का रे?”

निरीक्षकांनी वर बघितलं. “म्हणजे तुम्हाला सगळं...”

“त्या बुधवारी पेटीच्या काचेत दिसलास मला. दाराआड. हातात बूट घेऊन.” आप्पा थोडं थांबले. “आठव्या पावलाला पाय भरून आला होता. तिथेच स्टुलावर बसणार होतो. पण तू मोजत होतास.”

दाराची बेल वाजली. बाई आल्या, वहिनी पदराला हात पुसत पुढे झाल्या. काही सांगायच्या आत आप्पांनी हात रोवले, एकाच दमात उठले आणि वॉकर घेऊन गॅलरीकडे चालू लागले. बाई तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत मागून निघाल्या. वहिनींनी डोळे मिटून घेतले. निरीक्षक जमिनीवरच बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काही मोजलं नाही, नुसते बघत राहिले.

“अडतीस!” गॅलरीतून परत आल्यावर बाई ओरडल्या. “आजोबा, अडतीस!”

आप्पा धापा टाकत खुर्चीत बसले. मूठ उघडून मीठ पेटीत सोडणार, तोच निरीक्षकांनी त्यांचा हात धरला, टँकवाल्याकडून आणलेलं पुडकं फोडलं आणि त्यातलं खास मीठ त्यांच्या तळहातावर ठेवलं. किती, ते मापलं नाही. आप्पांनी ते जिभेला लावून बघितलं, मान डोलावली आणि त्यातलं थोडंसंच पाण्यात सोडलं, बाकीचं दुसऱ्या दिवसासाठी लेकाच्या हातात परत दिलं.

पाहुणीने शंखातून एक शिंग बाहेर काढलं. खाली उतरावं की नाही, याचा ती विचार करत असावी.

“उद्या बरणी खाली त्या सेक्रेटरीच्या घरी ठेव,” आप्पा म्हणाले.

“खाली? आप्पा, तीन जिने आहेत.”

“माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावर वजन फार झालंय म्हणतो ना तो? मग मी तासभर खाली जाऊन बसत जाईन. तेवढंच हलकं.”